ज्योतीची ऊर्ध्वगति

मेणबत्तीची ज्योत नेहमीं वरच कां जाते, असें घरांतील मुलानें विचारलें म्हणजे 'अग्नीचा तो स्वभावच आहे' असें सांगून आपण मोकळे होतों. कणादमुनींनीं या प्रश्नाची अशी बोळवण केली नाहीं. वैशेषिकसूत्रांच्या पांचव्या अध्यायांत अग्नीचें ऊर्ध्वज्वलन त्यांनीं अदृष्टकारित म्हटलें आहे. पुढील टीकाकारांनीं हें अदृष्ट म्हणजे प्राण्यांचे धर्माधर्म, असा अर्थ लाविला; परंतु शब्द सरळ घेतला तर कारण आहे, पण तें दिसत नाहीं, इतकाच त्याचा भाव होतो. सर्व ज्ञान आपल्या ग्रंथांत आधींच सांपडतें असें म्हणणाऱ्या मंडळींपेक्षां ही वृत्ति मला अधिक शास्त्रीय वाटते.

तें न दिसलेलें कारण कळण्यास आधीं ज्योत म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. मेण घन असतां जळत नाहीं आणि पातळ झाल्यावरही जळत नाहीं. तें वितळून वातीच्या तंतूंमधून केशाकर्षणानें वर चढतें, टोंकाशीं त्याची वाफ होते, आणि ती वाफ हवेंतील प्राणवायूशीं मिळून पेट घेते. प्रचीति हवी असेल तर मेणबत्ती फुंकून विझवावी व वातीवरून निघणाऱ्या पांढरट धुरास बोटभर अंतरावरून जळती काडी लावावी. ज्योत धुरावरून खालीं उडी घेते आणि वात पुन्हां पेटते. कारण तो धूर म्हणजे थिजूं लागलेली मेणाची वाफच होय. १८६० च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे यांनीं मुलांपुढें जी व्याख्यानमाला सुरू केली, तिचा विषय एक साधी मेणबत्ती एवढाच होता. ज्योतीच्या मधल्या काळसर भागांत काचेची नळी धरून त्यांनीं ती वाफ बाहेर काढिली आणि नळीच्या दुसऱ्या टोंकाशीं पेटवून दाखविली.

ज्योतीच्या आंत प्राणवायु पुरेसा पोंचत नाहीं, म्हणून तेथें कार्बनचे सूक्ष्म कण सुटतात व तापून पिवळे चमकतात. आपणांस मिळणारा प्रकाश मुख्यतः त्यांचाच. जुन्या बायका दिव्यावर वाटी उपडी धरून काजळ धरीत, तें म्हणजे हेच न जळलेले कण.

आतां हें सर्व वर कां जातें? तापलेला वायु प्रसरण पावून भोंवतालच्या हवेपेक्षां हलका होतो. गार हवा जड असल्यामुळें ती खालून आंत शिरते व त्यास वर लोटते. ज्योतीचें निमुळतें टोंक हें त्या प्रवाहानें ओढलेलें रूप होय. म्हणजे सारें मर्म हवेच्या वजनांत आहे, आणि वैशेषिकांची वाट नेमकी येथेंच अडली. त्यांच्या मतें गुरुत्व हा गुण पृथ्वी व जल या दोनच द्रव्यांचा. वायूस तो नाहीं. युरोपांत टॉरिचेलीनें पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून हवेचा भार दाखविला, तो १७ व्या शतकांत. वायूस गुरुत्व न देतां ज्योतीचें कारण शोधणाऱ्यास अदृष्टावांचून दुसरा शब्द कोठून सांपडावा?

जेथें वजनच जाणवत नाहीं, तेथें काय होईल? १९९२ सालीं अमेरिकेच्या अवकाशयानांत आणि १९९६ सालीं रशियाच्या मीर स्थानकावर मेणबत्त्या पेटवून पाहण्यांत आल्या. तेथें ज्योत लहान, वाटोळी व फिकट निळी झाली. तिला टोंक म्हणून उरलें नाहीं.

पृथ्वीवर मात्र या ऊर्ध्वगतीचें भान घरांतील प्रत्येकास हवें. पदर किंवा धोतराचा सोगा पेटला म्हणजे माणूस घाबरून उभ्यानें धांवत सुटतो. उभ्या देहावर ज्वाळा पायांकडून तोंडाकडे चढतात, आणि धांवल्यानें वारा मिळून त्या अधिकच भडकतात. अशा वेळीं तत्काळ जमिनीवर आडवें होऊन लोळावें. जवळ असेल त्यानें घोंगडी किंवा जाड सुती पासोडी वरून घट्ट लपेटून हवा तोडावी, आणि ज्वाळा विझतांच भाजलेल्या जागीं वीस मिनिटें नळाचें गार पाणी सोडावें.