डिझेलमधले पाणी आणि आपली जबाबदारी



गळीत हंगाम जवळ आला की आपण तोडीच्या तारखा, टोळ्या आणि गाड्या यांवर तासन् तास बोलतो. गाडीच्या टाकीत काय आहे, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

गेल्या हंगामात आम्हा घाटाखालच्या सभासदांचा एक जुना ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसकट चढावर बंद पडला. फिल्टर खोलला तर तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ! दीड दिवस गेला. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला जावा, हे आपण जाणतो. उशीर झाला की वजन घटते आणि उताराही. म्हणजे तोटा एकट्या गाडीवाल्याचा नाही.

अशा वेळी पहिले बोट पंपाकडे जाते. भेसळ होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. इंधनाचा काळा धंदा उघडा पाडू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आले. म्हणून पंपावर घनता मोजून दाखवा म्हणायला लाजू नये; तो ग्राहकाचा हक्क आहे. पावतीही जपून ठेवावी.

पण खरे सांगायचे तर आमच्या ट्रॅक्टरचा दोष पंपाचा नव्हताच. दोष आमच्या बॅरलचा होता. पावसाळाभर अर्धे बॅरल पडवीत पडून होते. आपली किनाऱ्याकडची हवा दमट. रिकाम्या जागेतल्या हवेतील बाष्प रात्री थंड पत्र्यावर जमते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जंतू आणि बुरशी वाढते. तोच तो काळा गाळ. जुन्या इंजिनाच्या पंपाचे प्लंजर आणि नोझल यांना डिझेलचेच वंगण. तेथे पाणी गेले की गंज आणि झीज ठरलेली.

मालवणच्या ट्रॉलरवाल्यांना हे सांगावे लागत नाही. दर्यात इंजिन बंद पडला तर ढकलूक कोण येवचो नाय! आपली गाडी रस्त्यावर चालते, म्हणून आपण बेफिकीर राहतो.

उपाय साधे आहेत. हंगाम संपला की टाकी काठोकाठ भरून ठेवावी. हंगामाआधी टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवावे. पाणी असेल तर खाली दिसेल. मग टाकी धुवावी, फिल्टर बदलावा, एअर काढावी. बॅरल सावलीत, किंचित कलते ठेवावे आणि डिझेल उपसताना नळी तळापासून चार बोटे वर धरावी. डबा, नरसाळे कोरडे असावे. नुसता फिल्टर बदलून टाकी तशीच ठेवली, तर आठ दिवसांत पुन्हा तेच रडगाणे.

आमची सूचना एवढीच : वाहतुकीचे करार होताना कारखान्याच्या आवारात दोन दिवस जुन्या गाड्यांच्या टाक्या आणि फिल्टर तपासावेत, आणि फिल्टरांची खरेदी एकत्र करावी. खर्च थोडा आहे. ऊस आपण सहकाराने गाळतो. मग डिझेलही सहकाराने गाळून घ्यायला काय हरकत?