कापडदुकानांतील उमेदवार

अद्भुत कथा वाचणाऱ्या मुलास 'वेळ दवडतोस' म्हणून दटावण्याची चाल आपल्या घरांतून अद्यापि आहे. अशा वडीलधाऱ्या मंडळींपुढें आम्ही आज इंग्रज ग्रंथकार एच. जी. वेल्स याचें चरित्र ठेवितों.

वेल्स १८६६ सालीं केंट परगण्यांतील ब्रॉमली येथें जन्मला. बापाचें दुकान बेताचेंच चाले. लहानपणीं पाय मोडून वेल्स अंथरुणास खिळला आणि त्या सक्तीच्या विश्रांतींत त्यास वाचनाची गोडी लागली. पुढें ओढाताण वाढली, तेव्हां आईनें त्यास कापडाच्या दुकानांत उमेदवार ठेविलें. मुलगा पोटापाण्यास लागावा, एवढाच त्या माउलीचा हेतु. पण तें काम त्यास विषवत् झालें. १८८३ सालीं एके रविवारीं तो १७ मैल पायीं चालून, आई ज्या वाड्यांत कारभारीण होती तेथें गेला आणि दुकानांतून सोडविण्याविषयीं त्यानें गळ घातली. अखेर आईनें मान तुकविली.

मग मिडहर्स्टच्या शाळेंत शिकवीत शिकवीत त्यानें शिष्यवृत्ति मिळविली, व १८८४ सालीं लंडनास हक्स्लेसारख्या आचार्याजवळ जीवशास्त्राचें अध्ययन केलें. १८९५ सालीं त्याची 'टाइम मशीन' प्रसिद्ध झाली. १८९७ सालीं 'इन्व्हिजिबल मॅन'.

त्याची रीति पाहण्यासारखी आहे. अशक्य गोष्ट एकच गृहीत धरावयाची; बाकी सर्व तर्कानें चालवावयाचें. मनुष्य अदृश्य झाला हें एकदां मानलें, कीं त्याचे कपडे मात्र दिसावयाचे, पोटांतील अन्न पचेपर्यंत दिसावयाचें, आणि विवस्त्र हिंडतांना थंडी वाजावयाचीच! नैयायिक तरी याहून निराळें काय करितो?

१९१४ सालच्या कादंबरींत त्यानें विमानांतून टाकावयाचे अणुबाँब वर्णिले. लिओ झिलार्ड या पदार्थविज्ञानवेत्त्यानें ती १९३२ सालीं वाचली; पुढल्याच वर्षीं त्यास अणुशक्ति मुक्त करणाऱ्या शृंखला-प्रक्रियेची कल्पना सुचली. १९४५ सालीं हिरोशिमा भस्म झालें. तें ऐकण्यास वेल्स जिवंत होता. १९४६ च्या ऑगस्टांत तो वारला. ज्यांनीं ती कादंबरी केवळ करमणूक मानली, त्यांस तींतील इशारा कळला नाहीं.

म्हणून मुलाच्या हातचें पुस्तक हिसकावूं नये. त्याजवळ बसावें आणि विचारावें, 'बाळ, ही एक गोष्ट खरी मानली, तर पुढें काय काय घडेल?' उत्तर देतां देतां तो विचार करूं लागेल, आणि आपणही.