सव्वाशे चकरा

१२ मार्च २०११. फ्रान्समधलं रीम्स. योहान दिनीझ नावाचा एक सडपातळ माणूस ४०० मीटरच्या ट्रॅकवर चालायला लागला, तो ३ तास ३५ मिनिटं २७.२ सेकंदांनीच थांबला. तेवढ्या वेळात त्याच्या सव्वाशे चकरा झाल्या होत्या. म्हणजे पन्नास किलोमीटर. पुन्हा एकदा सांगतो, चालत!

आता कॅल्क्युलेटर काढा (तो तसाही खिशातच असतो). एका चकरेला सरासरी १०३.४ सेकंद. एका किलोमीटरला ४ मिनिटं साडेअठरा सेकंद. ताशी १३.९ किलोमीटर. आपल्या वर्गातल्या साठ जणांपैकी किती जण एक किलोमीटर या वेगाने पळू शकतील? पळू म्हणतोय मी. दहा-बारा निघतील, आणि त्यातले निम्मे नंतर गेटपाशी बसून राहतील. या गड्याने असे पन्नास काढले, ओळीने, आणि तेही एक पाय कायम जमिनीवर आणि दुसरा गुडघ्यात ताठ ठेवून.

तरीही 'वॉकिंग' म्हटलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया काय? हसू. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये प्रियांका गोस्वामीने १०,००० मीटर चालण्यात ४३ मिनिटं ३८.८३ सेकंदांत रौप्य मिळवलं आणि संदीप कुमारने पुरुषांत ३८:४९.२१ वेळ देऊन ब्राँझ. दोन्ही शर्यती ट्रॅकवर, पंचवीस-पंचवीस चकरा. पण कंबर हलवत चालणारी माणसं स्क्रीनवर आली की पदकाचं कौतुक राहतं बाजूला आणि नकला सुरू होतात. हकम सिंग यांनी १९७८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत २० किलोमीटर चालण्याचं सुवर्ण आणलं, १९८२ मध्ये दिल्लीत चांद राम यांनी. ही नावं किती जणांना माहीत आहेत? एका षटकात सहा सिक्स कोणी मारले ते मात्र झोपेतसुद्धा सांगू.

असो. ती कंबर का हलते ते बघू, कारण मेकॅनिकलवाल्यांना तरी ते कळायलाच हवं. (कॉम्प्युटरवाल्यांनी हा परिच्छेद ऑप्शनला टाकला तरी चालेल.)

माणूस चालतो तेव्हा तो उलटा लंबक असतो. पाय टेकला की शरीराचं गुरुत्वमध्य त्या पायावरून कमानीसारखं वर जाऊन खाली येतं. कमानीची त्रिज्या म्हणजे पायाची लांबी, समजा ०.९ मीटर. त्या कमानीवर राहायचं तर लागणारं केंद्राभिसारी बल गुरुत्वाकर्षणाने पुरवलं पाहिजे. वेग वाढत गेला की एक क्षण असा येतो की गुरुत्वाकर्षण पुरं पडत नाही आणि माणूस जमिनीवरून सुटतो. ती मर्यादा जी गुणिले एलचं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला साधारण २.९७ मीटर, ताशी १०.७ किलोमीटर. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये जहाजांसाठी रट्टा मारलेला फ्रूड नंबर तो हाच. इथे तो एक झाला की चालणं संपलं. आपण सामान्य माणसं तर त्याच्या बऱ्याच आधी, ताशी साडेसातच्या आसपास, आपोआप पळायला लागतो.

मग दिनीझ १३.९ ने कसा चालला? आणि मेक्सिकोचा बर्नार्दो सेगुरा? त्याने तर ७ मे १९९४ ला नॉर्वेतल्या बर्गेनला ट्रॅकवर २०,००० मीटर १ तास १७ मिनिटं २५.६ सेकंदांत संपवले. ताशी साडेपंधरा! पाऊल सव्वा मीटरचं धरलं तर मिनिटाला दोनशेच्या वर पावलं, आणि अशी सोळा हजार पावलं. उत्तर कंबरेत आहे. कंबर फिरवून पाऊल लांब होतं आणि एका बाजूने खाली सोडून गुरुत्वमध्याची कमान चपटी होते. कमान चपटी म्हणजे त्रिज्या मोठी, आणि त्रिज्या मोठी म्हणजे मर्यादा वर. ज्याला आपण हसतो ते म्हणजे एका अवघड डिझाइन प्रॉब्लेमचं सोल्यूशन आहे, तेही पायाला बांधलेल्या दोन नियमांच्या आत राहून काढलेलं.

आणि खरं सांगायचं तर हे पूर्ण उत्तर नाही. उरलेला भाग असा की हे सगळे दिग्गज चालताना क्षणभर हवेत असतात. स्लो मोशन कॅमेऱ्यात ते स्वच्छ दिसतं. नियम म्हणतो, 'डोळ्याला दिसेल असा' संपर्क तुटता कामा नये. साधारण चाळीस मिलिसेकंदांपेक्षा कमी उड्डाण माणसाच्या डोळ्याला टिपता येत नाही. म्हणून हा सगळा खेळ त्या चाळीस मिलिसेकंदांच्या फटीत उभा आहे. दुसरा नियम गुडघ्याचा. पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्याच्यावर उभं येईपर्यंत गुडघा वाकलेला चालत नाही. ट्रॅकवर चीफ धरून सहा पंच असतात. आधी पिवळी पाटी दाखवून ताकीद, मग लाल कार्ड. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की खेळाडू बाहेर. एकाच पंचाने तीन देऊन चालत नाही, म्हणजे इंटरनल, एक्स्टर्नल आणि एचओडी या तिघांनी स्वतंत्रपणे नापास केलं पाहिजे. हल्ली बऱ्याच स्पर्धांत तिसऱ्या कार्डाला थेट बाहेर न काढता बाजूच्या चौकोनात उभं करतात, १० किलोमीटरला एक मिनिट, २० ला दोन. चौथं कार्ड मिळालं की मात्र घरी.

याच सेगुराची गोष्ट. सिडनी ऑलिंपिक, सप्टेंबर २०००. वीस किलोमीटरमध्ये त्याने पहिल्या नंबरने रेषा ओलांडली. टीव्हीसमोर त्याच्या हातात फोन दिला गेला, पलीकडे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झेदियो अभिनंदन करत होते. आणि तेवढ्यात अधिकारी त्याच्याकडे आला. तिसरं कार्ड पडलं होतं! सुवर्ण पोलंडच्या रॉबर्ट कोझेन्योव्स्कीला गेलं. त्याच ऑलिंपिकात ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल घरच्या प्रेक्षकांसमोर पहिल्या नंबरने स्टेडियममध्ये शिरण्याच्या बेतात होती, तिलाही तिथेच थांबवलं. ती कोसळून रडली ते दृश्य ज्याने पाहिलं त्याला या खेळाला हसणं जमणार नाही.

हे सगळं रस्त्यावर घडलं. मला ट्रॅकवरची शर्यत जास्त प्रामाणिक वाटते. तिथे चढ नाही, उतार नाही, अंतर इंचा-इंचाने मोजलेलं, आणि तेच सहा जोडी डोळे प्रत्येक चकरेला तुमच्याकडे बघणार. पन्नास चकरा म्हणजे शंभर वळणं, सगळी डावीकडे. एकाच कंबरेवर, एकाच घोट्यावर ताण. कंटाळा तर असा की तिसाव्या चकरेला आपण तिसावी मारतोय की एकतिसावी हेही सांगता येत नाही. इटलीच्या मौरिझिओ दामिलानोने ३ ऑक्टोबर १९९२ ला कुनेओमध्ये दोन तासांत २९,५७२ मीटर अंतर कापलं आणि तसंच पुढे जाऊन ३०,००० मीटर २:०१:४४.१ ला पूर्ण केले. पंच्याहत्तर चकरा! फोर्जिंग शॉपमध्ये दोन तास नुसतं उभं राहिलो तरी आपले पाय बोलायला लागतात.

ट्रॅकवरून ही शर्यत रस्त्यावर गेली त्याचं मोठं कारणही पंचांचं भांडणच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकात १०,००० मीटर चालण्यात स्वीडनचा मिकाएलसन आरामात जिंकला, पण मागे दुसऱ्या नंबरसाठी श्वाब आणि युंक जवळजवळ पळतच शेवटी आले. पुढच्या ऑलिंपिकपासून ट्रॅकवरचं चालणं बंद झालं आणि २० किलोमीटर रस्त्यावर आलं.

इथे एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. सेगुराचा विक्रम तीस वर्षं उलटली तरी टिकला, म्हणून तो अजिंक्यच असं कोणी समजू नये. रस्त्यावर जपानच्या युसुके सुझुकीने २०१५ मध्ये १:१६:३६ आणि तोशिकाझू यामानिशीने २०२५ मध्ये १:१६:१० अशा वेळा दिल्या आहेत. दोन्ही सेगुरापेक्षा मिनिटभर किंवा जवळपास तेवढ्या चांगल्या. ट्रॅकवर वीस किलोमीटर जीव तोडून चालायला कोणी फारसं येतच नाही, हे तो टिकण्याचं खरं कारण. काही विक्रम मोठे असतात म्हणून टिकतात, काहींचं दार कोणी ठोठावत नाही. दिनीझचं वेगळं. राउल गोन्झालेसने १९७९ मध्ये ट्रॅकवर पन्नास हजार मीटर ३:४१:३८.४ ला काढले. ते मोडायला सतरा वर्षं लागली, आणि तुत्याँने मोडले ते फक्त ४१ सेकंदांनी. दिनीझने त्यावरून एकदम साडेपाच मिनिटं उडवली.

आता वादाचा मुद्दा. आमच्या हॉस्टेलवर एक जण आहे, २० किलोमीटर चालतो. पहाटे पाचला ग्राऊंडवर, साडेसातला मेसमध्ये, आठच्या लेक्चरला झोपेत. मागच्या वर्षी एका स्पर्धेत चौथ्या नंबरवर असताना त्याला बाहेर काढलं. कोणत्या पंचाने, कुठल्या चकरेला, कशासाठी, काहीच कळलं नाही. फक्त हात करून 'चल, बाजूला हो'. तेव्हापासून त्याचं म्हणणं एकच, बुटात चिप बसवा. सेन्सर सांगेल पाय किती मिलिसेकंद हवेत होता. चिपला कॉलेजचं नाव वाचता येत नाही. अशा चिपची चर्चा जगात बरीच वर्षं चालू आहेच, आणि आपण इंजिनिअर लोक, आपल्याला तर ही आयडिया लगेच पटायला हवी.

मला नाही पटत. चिपला मर्यादा काय देणार? शून्य दिली तर सेगुरा, दिनीझ, सुझुकी सगळे बाद, आणि आजवरचे सगळे आकडे रद्दीत. चाळीस मिलिसेकंद दिली तर दुसऱ्या दिवसापासून सगळे एकोणचाळीसवर चालायला शिकतील. पंचाहत्तर टक्के अटेंडन्सचा नियम केल्यावर आपण काय करतो? बरोब्बर पंचाहत्तर भरतो! डोळ्याच्या पंचाची रेषा नेमकी कुठे आहे ते चालणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून त्याला अलीकडे थांबावं लागतं, फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवावा लागतो. चालणं 'चालण्यासारखं दिसतं' ते त्या भीतीमुळे. मर्यादा आकड्यात आली की ते दिसणंच संपेल.

पण मित्राची तक्रार खोटी नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रत्येक पंचाने कोणाला, किती वाजता, कोणत्या चुकीसाठी पाटी किंवा कार्ड दिलं त्याचा तक्ता निकालाबरोबर मिळतो. शर्यत चालू असतानाही कोणाची किती कार्डं झाली ते फळ्यावर लागतं. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत हे करायला चिप लागत नाही, एक फळा, एक खडू आणि एक झेरॉक्स लागते. तेवढंही होत नसेल तर पोराने पंचांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? तो म्हणतो, फळा लागणार नाही म्हणूनच मला चिप हवी. यावर आमची रात्री दीड वाजेपर्यंत भांडणं झाली आहेत आणि दोघंही जागचे हललेलो नाही.

दरम्यान पन्नास किलोमीटर ऑलिंपिकातून गेलंसुद्धा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये साप्पोरोला शेवटची शर्यत झाली, पोलंडचा दाविद तोमाला ३:५०:०८ ला जिंकला. त्रेचाळीस वर्षांचा दिनीझही त्यात होता, पूर्ण करू शकला नाही. मग जागतिक स्पर्धेत ३५ किलोमीटर आलं, आणि आता २० आणि ३५ च्या जागी हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉनची अंतरं आणायचं ठरलंय. बायकांना पन्नास किलोमीटरची जागतिक शर्यत मिळाली २०१७ मध्ये, चीनच्या लिऊ हाँगने २०१९ मध्ये ३:५९:१५ वेळ देऊन चार तासांची भिंत पाडली, आणि लगेच दुकानच बंद. टीव्हीला चार तास जड होतात म्हणे. पाच-पाच दिवस कसोटी बघणाऱ्या देशातल्या माणसाला तरी हे कारण पटू नये.

म्हणजे आता पन्नास हजार मीटर ट्रॅकवर चालायला कोण उतरणार? दिनीझचे ३:३५:२७.२ बहुतेक तसेच राहतील, शर्यतच उरली नाही म्हणून.

जाता जाता. आपल्या ग्राऊंडची फक्कीने आखलेली चक्कर २०० मीटरची आहे. १०,००० मीटर म्हणजे पन्नास चकरा. मित्र येत्या रविवारी पहाटे साडेपाचला टाइम ट्रायल देतोय, आणि चकरा मोजायला, पाटी धरायला आणि गुडघ्याकडे बघायला माणसं कमी आहेत. मी मोजणार आहे. पण एकट्याने पन्नासपर्यंत न चुकता मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. ज्यांना यायचंय त्यांनी बी ब्लॉक, रूम ११४ ला येऊन नाव द्यावं. चहा माझ्याकडून.