आरोग्य-विचार : पांगळा मूत्राशय आणि शस्त्रक्रिया

ज्या व्याधींचें नांव वडीलधाऱ्यांसमोर काढावयास संकोच वाटतो, त्यांत मूत्राशयाच्या विकारांची गणना होते. परंतु ह्या संकोचाची किंमत रोग्याच्या मूत्रपिंडांस द्यावी लागते. यास्तव त्याविषयीं स्पष्टपणें लिहिणें अवश्य आहे.

मूत्राशय म्हणजे केवळ एक भांडें नव्हे. तो भरतांना सैल राहतो. रिता होतांना आकसतो, आणि त्याच वेळीं द्वाराचा स्नायु सैल पडतो. हा मेळ मेंदू व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु राखतात. अपघातानें मज्जारज्जु दुखावला, अथवा मूल दुभंगलेल्या कण्याचें जन्मलें, म्हणजे हा मेळ बिघडतो. मूत्राशय आकसतो तेव्हांच द्वारही आवळलें जातें, आंतील दाब वाढतो, व मूत्रपिंडांची हानि होऊं लागते. वेदना नसल्यानें ती पुष्कळदां ध्यानांतही येत नाहीं. म्हणूनच “मुलगी मोठी झाली कीं पाहूं” हें म्हणणें घातक होय.

पहिला उपाय शस्त्राचा नव्हे, नळीचा. रोग्यानें हात स्वच्छ धुऊन ठराविक वेळीं स्वतःच नळीनें मूत्राशय रिता करावा, ही पद्धति अमेरिकेंतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनीं १९७२ सालीं पुढें मांडली. जोडीला औषधें असतात. तीं न पुरल्यास मूत्राशयाच्या स्नायूंत बोटुलिनम विषाची सुई देतात; तिचा गुण कांहीं महिने टिकतो.

एवढ्यानेंही दाब न उतरल्यास शस्त्रवैद्य आंतड्याचा तुकडा, त्याचा रक्तपुरवठा कायम राखून, उभा चिरतात व मूत्राशयास ठिगळासारखा जोडतात. त्यायोगें थैली मोठी व मऊ होते. ज्यांना खालून नळी घालणें अवघड, त्यांच्यासाठीं फ्रेंच शस्त्रवैद्य पॉल मित्रोफानॉफ यांची १९८० सालची युक्ति उपयोगी पडते. तींत आंत्रपुच्छाची वाट करून तिचें तोंड पोटावर, बहुधा बेंबीपाशीं, आणतात. मग चाकाच्या खुर्चींतील मुलगीही शाळेंत आपलें आपण उरकूं शकते.

मात्र ह्या शस्त्रक्रियेनें मज्जातंतु बरे होत नाहींत. नळी बहुधा जन्माची राहते. आंतड्याचा बुळबुळीत स्राव चालूच असतो. मूत्राशय नियमानें न धुतल्यास खडे होतात. अशा रोग्याचें पोट एकाएकीं दुखूं लागल्यास घरगुती काढ्यांत वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गांठावें, कारण ठिगळ फुटण्याचें भय असतें. मूत्रपिंडांची व रक्ताची तपासणीही वर्षानुवर्षें चालू ठेवावी लागते. शस्त्रक्रियेस संमति देण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं हें समजून घ्यावें, आणि नळी व धुणें यांची जबाबदारी कोणाची तेंही त्याच बैठकींत ठरवावें.