तलफ आली म्हणजे नियम मोडला का?



चातुर्मासात भर व्याख्यानात उभं राहून कुणी सिगारेटचा जावज्जीव त्याग केला की आपण सगळ्या हात जोडून अनुमोदना करतो. छानच आहे. पण दिवाळीनंतर तोच माणूस चहा झाला की अंगणात येरझारा घालायला लागतो, मुलांवर खेकसतो, आणि मग आपल्याच तोंडून निघतं, ‘‘नियम मनापासून घेतलाच नव्हता.’’ या वाक्याशी माझं भांडण आहे. शरीराच्या हिशोबानं ते खोटं आहे आणि धर्माच्या हिशोबानं तर जास्तच.

प्रतिक्रमणात आपण चार शब्द म्हणतो : अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. पाठ आहेत म्हणून घडाघडा म्हणून मोकळ्या होतो. व्रत मोडावं अशी इच्छा मनात आली, तो अतिक्रम. त्या दिशेनं पाऊल निघालं, तो व्यतिक्रम. मोडायची तयारी झाली, वस्तू हातात आली, तो अतिचार. प्रत्यक्ष मोडलं, तो अनाचार. इच्छा आणि मोडणं यांच्यामध्ये दोन पायऱ्या ठेवल्या आहेत, त्या उगाच नाहीत. व्रत घेतलेल्याच्या मनातही इच्छा उठणार, हे सांगणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि आपण? पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला चौथ्या पायरीची शिक्षा देतो. शर्टाचा वास घेतो, खिसे तपासतो.

निकोटिन शरीरातून दोन-चार दिवसांत निघून जातं. चिडचिड, झोप उडणं, सारखी भूक हे पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि बहुतेकांचं तीन-चार आठवड्यांत ओसरतं. तलफ मात्र मागे राहते. ती चहाच्या कपाला, मोंढ्यातल्या पेढीला, जेवणानंतरच्या पाच मिनिटांना चिकटलेली असते. वीस-पंचवीस वर्षं मेंदूनं त्या जोड्या लावल्या आहेत. (मी बी.कॉम., त्यामुळे मला हे बंद केलेल्या खात्यावर जुनी उधारी मागायला येणाऱ्या माणसासारखं वाटतं. तो येणार, देणं मात्र काही नाही.) एकेक झटका काही मिनिटांचाच असतो आणि दिवस जातील तसे झटके विरळ होतात, पण सहा महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही एखादा येऊ शकतो.

‘‘अठाईत आठ दिवस राहिले ना, मग आता काय झालं?’’ हाही आपला लाडका प्रश्न. अठाईत चहा नसतो, जेवण नसतं, दिवस स्थानकात जातो, बरोबरीचे चार जण तेच करत असतात. तलफ जागी करणारी एकही गोष्ट समोर नसते. पारणं झालं, चहा आला, पेढी उघडली, की सगळ्या एकदम पुढ्यात. त्यात खोड कसली शोधायची?

आता आपल्या घरांतली खास अडचण, जी डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. तलफेला डॉक्टर सांगतात, पाणी प्या, लवंग चघळा, दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम घ्या. पण चौविहार करणाऱ्यानं सूर्यास्तानंतर काय करायचं? पाणी बंद. लवंग स्वादिममध्ये येते, तीही बंद. गम तर नाहीच. नवकारशी धरली तर सूर्योदयानंतर आणखी अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात काही नाही. म्हणजे पेढीवरून घरी आल्यावरची अवघड संध्याकाळ त्यानं कोरड्या तोंडानं काढायची. अशा वेळी त्वचेवर लावायच्या निकोटिन पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. आपल्या नियमात ती बसते का, हे महासतीजींना आधीच विचारून घ्या. गम किंवा पट्टी म्हणजे ‘पुन्हा तेच’ नव्हे. त्यात धूर नाही, डांबर नाही, आणि मात्रा कमी करत बंद करता येते.

त्यापेक्षा वाईट ते, जे आपण स्वतः हातावर ठेवतो : गोड सुपारी. ‘‘सिगारेटपेक्षा बरी’’ म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलासुद्धा, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. मुखवासाच्या डब्यात बडीशेप, ओवा, धणाडाळ पुरे.

आणि पुरुषांकडेच बोट नको. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळं तोंडातलं : खाणं, चघळणं आणि मिश्री. दात घासायच्या नावाखाली मिश्री लावणाऱ्या बाईची तलफही तलफच असते. तिचं कुणी नाव घेत नाही, म्हणून तिला सोडायला कुणी मदतही करत नाही.

एखाद्यानं मोहात एक ओढलीच, तर? तो अनाचार, मान्य. त्यालाही आलोचना आहे, प्रायश्चित्त आहे, पुन्हा पच्चक्खाण आहे. पण घरात त्याला तोंड दाखवायची सोय नसेल तर तो गुरूंपर्यंत पोचतच नाही, ‘आता गेलंच सगळं’ म्हणून दुसरं पाकीट घेतो. त्या पाकिटावर सोडण्यासाठीच्या मदतीचा मोफत नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. खिसे तपासताना पाकीट सापडलंच, तर आरडाओरडा करण्याआधी तो नंबर फिरवून फोन त्यांच्या हातात द्या.