लेग पीस कोणाचा?

गेल्या रविवारी रात्रीचा स्वयंपाक मी केला. जेवायला चौघे होतो: अम्मी, पत्नी, आठवीत शिकणारी मुलगी आणि मी. चिकनवाल्याकडून सीन्याचे चार बिनहाडाचे तुकडे आणले, प्रत्येकी साधारण २०० ग्रॅमचे. त्यात सारण भरून तव्यावर करायचे, असा बेत होता.

सीन्यात चरबी कमी, त्यामुळे तो लवकर कोरडा पडतो. मागच्या वेळी माझा चोथा झाला होता. या वेळी अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात तुकडे अर्धा तास ठेवले, मग कापडाने टिपून आले-लसूण आणि हळद चोळली. जाड बाजूने सुरी घालून खिसा केला. सुरी आरपार जाऊ दिली नाही. खिशात कुस्करलेले पनीर, उकडून घट्ट पिळलेला पालक, हिरवी मिरची आणि मिरपूड भरली. तोंड टूथपिकने बंद केले. तापल्या तव्यावर दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटे भाजून, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे. चिकन आतून ७४ अंश सेल्सियसपर्यंत तापले पाहिजे. घरात थर्मामीटर नव्हता, म्हणून जाड टोकाला चीर देऊन पाहिले. गुलाबी दिसले नाही, पाणी स्वच्छ निघाले. पाच मिनिटे तसेच राहू दिले आणि वाढले.

चार माणसे, चार तुकडे. कोणाला काय, हा प्रश्नच नव्हता. अम्मीने आपला तुकडा संपवला आणि विचारले, “ऐसाच टांग में भर सकते क्या?”

मी म्हणालो, “अम्मी, तुमकू तो सीनाच पसंद है ना?”

ती हसली. “टांग कब मिली मेरेकू?”

लहानपणी आमच्या घरी रविवारी एक कोंबडी यायची. खाणारे सात जण. कोंबडीला टांगा दोनच. एक अब्बांची, दुसरी थोरल्या भावाची. पाहुणे आले की त्यांची. आम्हा धाकट्या भावंडांना मांडीचे तुकडे, आपाला पंख. सगळ्यांचे उरकल्यावर अम्मी पातेल्याजवळ बसायची. तिच्या वाट्याला पाठ, मान नाहीतर सीन्याचा कोरडा तुकडा यायचा. ‘मेरेकू सीनाच अच्छा लगता’ असे ती म्हणायची आणि आम्ही ते खरे मानले. चाळीस वर्षे तिला सीना आवडतो असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो. ती तिची आवड नव्हती, आमची सोय होती.

हे फक्त आमच्या घरातले नाही आणि फक्त मुसलमानांच्या घरातलेही नाही. घरातली बाई शेवटी जेवते, ही रीत आपल्याकडे सर्व धर्मांत आणि जातींत सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. याची कारणे अनेक आहेत. पण तिच्यासाठी पातेल्यात काय उरते, याचा विचार त्यातून वगळता येणार नाही.

आता माझ्याविषयी. त्या रात्री माझे खूप कौतुक झाले. मुलीने फोटो काढला, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. ओट्यावर मात्र तवा, दोन पातेली, चाळण, पाट, सुरी आणि पालकाचे हिरवे पाणी तसेच पडले होते. ते पत्नीने आवरले. तिचा फोटो कोणी काढला नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो. सोमवारी सकाळी सहाला डब्यासाठी उठली तीच. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात, असे दिसले. आणि ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच आहे. न लावणारे त्यात नाहीतच. महिन्यातून एकदा भरलेले चिकन करून हे अंतर मिटत नाही. रोजची डाळ, भात, चपाती आणि भांडी यांत उतरलो तरच ते कमी होईल.

समाजापुढे रोजगाराचे, शिक्षणाचे, घर भाड्याने न मिळण्याचे प्रश्न असताना टांगेची चर्चा कशाला, असे कोणी विचारेल. ते प्रश्न मोठे आहेतच. पण बाहेर आपण बरोबरीचा वाटा मागतो, तेव्हा आपल्या दस्तरखानावरची वाटणी आधी तपासायला हवी. त्यासाठी मोर्चा लागत नाही, पैसे लागत नाहीत. सगळ्यांनी एकाच वेळी बसायचे, वाढण्याआधी प्रत्येकाला विचारायचे आणि ज्याने पसारा केला त्याने तो आवरायचा.

येत्या रविवारी मी टांगा आणणार आहे. हाड काढून सारण भरता येते; जरा निगुतीने करावे लागेल. पहिली अम्मीला. भांडी मी घासणार. आणि सोमवारचा डबाही माझ्याकडे.