मत दिले, आता एकोणीस दिवस

मंगळवार, २ डिसेंबर २०२५. महाड नगर परिषदेचे मतदान. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच अशी वेळ होती आणि दुसऱ्याच दिवशी मतमोजणी. एक रात्र कशीबशी काढायची, सकाळी निकाल ऐकायचा आणि आपापल्या कामाला लागायचे, असा सगळ्यांचा हिशोब. पण मतदान चालू असतानाच नागपूरहून बातमी आली. राज्यातल्या काही ठिकाणच्या निवडणुका न्यायालयीन अपिलांमुळे २० डिसेंबरपर्यंत पुढे गेल्या होत्या. एका गावाचा निकाल ऐकून दुसऱ्या गावाने मत द्यावे हे योग्य नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी एकाच दिवशी, २१ डिसेंबरला, करण्याचा आदेश दिला. एका रात्रीची वाट एकोणीस दिवसांची झाली.

पोलादपूरकरांना याचे फारसे नवल वाटले नसेल. त्यांनी याहून लांब वाट पाहिली आहे. पोलादपूर नगर पंचायतीचे मतदान २१ डिसेंबर २०२१ रोजी झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या राखीव जागांना स्थगिती दिली होती. त्या जागा सर्वसाधारण करून त्यांचे मतदान १८ जानेवारी २०२२ ला घेतले गेले आणि सगळी मोजणी १९ जानेवारीला झाली. पहिल्या दिवशी मत देणाऱ्यांनी तब्बल एकोणतीस दिवस वाट पाहिली. लोकसभेलाही आपण रायगडवाल्यांनी ७ मे २०२४ ला मत दिले आणि निकाल पाहिला ४ जूनला. म्हणजे मतदानाचा दिवस एकच असतो; मत आणि निकाल यांच्यामधले दिवस कितीतरी जास्त. त्या दिवसांत आपण एकमेकांशी कसे वागतो, याबद्दल या महिन्यात आम्हाला बोलायचे आहे.

आधी मतदानाच्या दिवसाची गोष्ट. उमेदवारांचा दिवस धावपळीचा असतो, पण सर्वसाधारण घराचा दिवस आपल्याच चालीने जातो. म्हातारी माणसे फजरनंतर झोपतच नाहीत. चहा घेऊन, ओळखपत्र खिशात घालून, रांगेत पहिला नंबर लावतात. एमआयडीसीत पाळी असलेले पोरगे जाता-येता मत उरकतात. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेले लोक वीर स्टेशनावर उतरून थेट गावी येतात आणि आंघोळीआधी मत देतात. बायकांची वेळ ठरलेली: सकाळच्या भाकऱ्या झाल्या, मुले मार्गी लागली, की चार घरच्या चौघी मिळून निघतात. नव्या सुनेला सोबत घेतात, दादीला रिक्षात बसवतात. शाळेच्या ज्या वर्गात मुले शिकतात त्याच वर्गात आई मत देते, हे मुलांना फार आवडते. नगर परिषदेला यंत्रावर बटणे जास्त दाबावी लागतात: एक अध्यक्षासाठी आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी एकेक. पहिलेच बटण दाबून निघालेल्या खालाला कर्मचारी परत बोलावतात, ‘अजून मत बाकी आहे’ म्हणतात, आणि रांगेत हशा पिकतो.

दर निवडणुकीला येणारा एक प्रश्न इथेच मिटवू. बोटाला शाई लागल्यावर वजू होतो का? ही शाई सिल्व्हर नायट्रेटची असते. ती कातडीवर थर धरत नाही, कातडीचा रंग बदलते. पाणी कातडीपर्यंत पोहोचते, म्हणून वजूला अडचण नाही, असेच उलमा सांगतात. नेलपॉलिशचा थर बसतो, त्याची गोष्ट वेगळी. तेव्हा शाईच्या भीतीने कोणी घरी बसू नये. नकाब घेणाऱ्या बहिणींनीही बसू नये. महिला कर्मचाऱ्याने आडोशाला ओळख पटवावी, अशी सोय मतदान केंद्रावर मागता येते.

या वेळी महाडात मतदानाच्या दिवशी दोन राजकीय गटांत हाणामारी झाली आणि तिच्या बातम्या राज्यभर गेल्या. ज्यांनी शांतपणे रांगेत उभे राहून मत दिले त्यांची बातमी कुठे आली नाही. पण संध्याकाळी केंद्र बंद झाले, तेव्हा खरी कसोटी त्यांचीच सुरू झाली. निकाल नाही आणि मनातला ताप मात्र कायम. ज्याच्याकडून रोज दूध घेतो तो समोरच्या पॅनेलचा. ज्याच्या दुकानात उधारीचे खाते आहे त्याचा भाऊ उमेदवार. दुसऱ्याच दिवशी निकाल लागला असता तर कोणी नाचले असते, कोणी दार लावून बसले असते आणि आठ दिवसांत सगळे विसरले असते. एकोणीस दिवसांत मात्र प्रत्येक नजरेचा अर्थ लावला जातो. ‘त्याने सलाम का केला नाही?’ ‘तिने हळदीला का बोलावले नाही?’

त्या दिवसांत तीन गोष्टी वाढतात. पहिली, आकडेमोड. टपरीवर वहीच्या पानावर प्रभागाची नावे लिहून ‘या घरात पाच मते, त्यातली तीन आपली’ असा हिशोब मांडला जातो. यात वाईट काही नाही. पण दुसऱ्याच्या घरातले मत मोजताना आपण त्या घराच्या आत डोकावतो. मतदान गुप्त ठेवले आहे ते त्याच घराच्या शांततेसाठी. एकाच घरात बाप एका बाजूला आणि लेक दुसऱ्या बाजूला मत देऊ शकते, आणि दोघांनी एका ताटात जेवायचे असते. ‘तू कुणाला दिलेस?’ हा प्रश्न आपल्या बायकोलासुद्धा विचारू नये, असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट, पैजा. वाट जितकी लांब तितकी पैज मोठी. चहापासून सुरू होते, कोंबडीवर जाते, मग हजारांवर. जुगार हराम आहे हे सगळ्यांना ठाऊक; पण निवडणुकीची पैज जुगारात मोजायची नाही, असा काहींचा समज दिसतो. पैसे लावले की तो जुगारच, मग पत्त्यांवर लावा की उमेदवारावर. आणि पैज हरलेला माणूस निकालावर रागावत नाही, पैज जिंकलेल्या शेजाऱ्यावर रागावतो.

तिसरी गोष्ट, अफवा. ‘यंत्रे बदलली’, ‘अमुक प्रभागात असे झाले’, ‘आतून बातमी आहे’. मोबाइलवर आलेले खरे की खोटे हे न पाहता पुढे पाठवायला एक क्षण लागतो. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी पारखून घ्या, अशी ताकीद आहे. नाहीतर नकळत कुणाचे तरी नुकसान होते आणि मग पस्तावावे लागते. शंका असेल तर ती योग्य जागी मांडावी. केंद्र बंद होताना यंत्रात किती मते पडली याची नोंद होते, यंत्रांना सील लागते, आणि उमेदवारांचे प्रतिनिधी तिथे हजर राहू शकतात. प्रतिनिधीने आपला आकडा जपून ठेवावा आणि मोजणीच्या टेबलावर ताडून पाहावा. ज्याला खरेच काळजी आहे तो हे काम करतो. फॉरवर्ड करणे हे काम नव्हे.

डिसेंबर हा आपल्याकडे लग्नांचा महिना. आखातातली मंडळी रजेवर आलेली असतात, तारखा आधीच धरलेल्या असतात, हॉलचे पैसे भरलेले असतात. निकाल लांबला म्हणून निकाह लांबत नाही. अशा लग्नांत प्रचारात एकमेकांविरुद्ध भाषणे केलेली माणसे एकाच पंगतीला बसतात. यजमानाची पंचाईत होते: कुणाला कुठे बसवावे? आमचा सल्ला असा, की वेगळे बसवूच नये. बिर्याणीचे ताट समोर आले की माणूस आधी भुकेला असतो, पक्षाचा नंतर.

कोणी म्हणेल, गावच्या निवडणुकीचा एवढा विचार कशाला? महाडच्या माणसाने तरी असे म्हणू नये. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत झाला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या तळ्याबाबत तसाच ठराव केला. कागदावर चवदार तळे खुले झाले; प्रत्यक्षात कोणी पाणी भरू देईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात बाबासाहेबांनी पुन्हा परिषद भरवली, तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. ती जागा दिली महाडच्या फत्तेखान यांनी. तळ्याचा खटला कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. नऊ वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली.

पाणी कुणी प्यावे हे नगरपालिकेतले हात ठरवत होते, आणि ते हात निवडून देण्याचा अधिकार तेव्हा कर भरणाऱ्या मालमत्तावाल्या थोड्या लोकांना होता. तळ्याच्या काठावर उभे असलेल्या बहुतेकांना मत नव्हते. आज नगर परिषदेच्या रांगेत मालक आणि गडी एकामागे एक उभे असतात आणि दोघांचे मत एकेकच मोजले जाते. नळाला पाणी किती वेळ यावे, सावित्रीचा गाळ, कचरा, गटार, दफनभूमीचा रस्ता, हे सगळे आजही तिथेच ठरते. २२ जुलै २०२१ च्या पुराचा चिखल ज्याच्या घरात शिरला, त्याला नगर परिषद काय असते ते पुस्तकात वाचावे लागत नाही. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही वाड्यांवर माती आली. त्या आठवड्यात फावडे घेऊन आलेल्या माणसाला तू कुठल्या पॅनेलचा, असे कोणी विचारले नाही. आणि पाचच महिन्यांनी पोलादपूरला निवडणूक होती, तेव्हा विचारायला सुरुवात झाली होती.

एका मताने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी २०१४ ची रायगड लोकसभा आठवावी. अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. सहा विधानसभा मतदारसंघ आणि फरक एवढाच! त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा दुसरा एक उमेदवार उभा होता आणि त्याने साडेनऊ हजारांहून जास्त मते घेतली. नीट वाचून बटण दाबणे किती महत्त्वाचे, हे त्यावरून समजावे. प्रभागात तर दहा-वीस मतांवर निकाल फिरतो.

म्हणून निकालाची वाट पाहताना करण्यासारखे एक काम आम्ही सुचवतो. घरातली सगळी नावे यादीत तपासा. डिसेंबरच्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर अठरा वर्षे पूर्ण केलेल्यांना मत देता आले नाही. आता नाव नोंदवायला वर्षातून चार तारखा मिळतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे वर्षानुवर्षे माहेरच्या गावात पडून राहतात, ती आणून घ्या. कुवेत-दुबईतल्या मंडळींना नमुना ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर विधानसभा-लोकसभेसाठी नाव नोंदवता येते. मात्र मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः यावे लागते. मतदानाच्या दिवशी ‘माझे नाव कुठे गेले?’ म्हणून भांडण्यात अर्थ नसतो. ते भांडण आधी, कागदावर करायचे असते.

२१ डिसेंबर रविवार होता. सकाळी १० वाजता मोजणी सुरू झाली, तेव्हा कुवेतमध्ये साडेसात वाजले होते आणि तिकडची पोरे फोन हातात धरून बसली होती. एकोणीस दिवस ज्याची चर्चा केली ते काही तासांत उरकले. गुलाल उडाला, ढोल वाजले, काही घरांत चूल उशिरा पेटली. निवडून आलेल्यांचे आम्ही अभिनंदन करतो आणि त्यांना आठवण देतो की मत ही अमानत आहे. ज्याने दिली आणि ज्याने घेतली, दोघांनाही तिचा जाब द्यावा लागणार आहे.

आणि वाचकांनो, आपल्या मोहल्ल्यात कोणी हरलेले असेल तर त्याच्या घरी एकदा जाऊन या. निवडणुकीचे काही बोलू नका. चहा प्या, मुलांची चौकशी करा, आणि उठताना नळाच्या अर्जावर त्याचीही सही घ्या. पाणी दोघांनाही कमीच येते.